क्रूझवर वरची केबिन कशी पटकवायची आणि पॉइंट्सच्या मागे किती पळायचं

क्रूझला निघायच्या चार दिवस आधी मेल आला, तुमचं अपग्रेड झालंय, एक पैसा जास्त न भरता. मी अख्ख्या घरात नाचून घेतलं. केबिन खरंच मोठी होती, बाल्कनीत दोन खुर्च्यांऐवजी दोन लोळायच्या खुर्च्या, सगळं झकास, आणि मग पहिल्याच रात्री पहाटे सव्वापाचला डोक्यावर खर्रर्र... थांबलं, परत खर्रर्र. आमच्या बरोबर वर पूल डेक होता आणि तिथले लोक रोज पहाटे डेक धुण्यासाठी शंभरएक आरामखुर्च्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला ओढायचे. सात रात्री सात पहाटा. आधी मी जी केबिन बुक केली होती ती तीन मजले खाली होती, तिच्या वरही केबिन खालीही केबिन, म्हणजे चिडीचूप. तक्रार करायला गेलो तर काउंटरवर गोड हसून सांगितलं की सर यू वेअर अपग्रेडेड, आता त्याला काय बोलणार.

तेव्हापासून मी या विषयात जरा जास्तच डोकं घालायला लागलो, बायको म्हणते वेड लागलंय, असेल. खाली लिहितोय ते सगळं त्यातूनच आलंय.

आधी हे समजून घ्या की कंपनी अपग्रेड देतेच का. जहाज सुटलं की रिकामी केबिन कायमची गेली, आणि केबिनच्या भाड्याइतकंच त्यांना जहाजावरच्या खर्चात रस असतो, दारू, कसिनो, स्पा, किनाऱ्यावरच्या टूर, म्हणून रिकामं जहाज त्यांना परवडतच नाही. आता सगळ्यात स्वस्त केबिन शेवटच्या आठवड्यातही हातोहात जाते, पण शेवटच्या क्षणी महागडी केबिन घेणारं गिऱ्हाईक विरळा. मग ते काय करतात, आधीच बुक केलेल्या माणसाला थोडे पैसे घेऊन किंवा फुकट वर ढकलतात आणि त्याची खालची केबिन नव्याने विकतात. कधी कधी ही साखळीच असते, इनसाइडवाला (खिडकी नसलेली केबिन) ओशनव्ह्यूत (नुसती खिडकी असलेली), ओशनव्ह्यूवाला बाल्कनीत, आणि शेवटी मोकळी झालेली इनसाइड विकली जाते. म्हणजे तुमचा वाढदिवस, तुमची ॲनिव्हर्सरी, चेक-इनला घातलेला कोट, यातल्या कशानेही स्वीट, म्हणजे वरची मोठी केबिन, मिळत नाही, फार तर दारावर फुगे आणि टेबलावर केक. स्वीट मिळते ती तुमची आत्ताची केबिन त्यांना दुसऱ्याला विकायची असते म्हणून. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या युक्त्या आपोआप कळतात.

यातूनच हेही कळतं की कधी प्रयत्न करायचा आणि कधी नाही. शाळांच्या सुट्ट्यांत जहाजं खचाखच असतात. क्रूझवाल्यांच्या हिशोबात प्रत्येक केबिनला दोन माणसं म्हणजे शंभर टक्के, त्यामुळे मुलंबाळं धरून जहाज शंभरच्या वर टक्क्यांनी जातं, तिथे अपग्रेडची आशा सोडा. उलट एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जहाजं कॅरिबियनमधून युरोपात आणि परत अशी जागा बदलतात, त्या रिपोझिशनिंग क्रूझ, बारा-चौदा रात्री, बहुतेक दिवस नुसतं पाणी, आणि जायचं एका खंडातून दुसऱ्या खंडात म्हणजे विमानाचं तिकीट एकेरी. त्याला गर्दी कमी, दर रात्रीचा भाव कमी, आणि वरच्या केबिनचा फरकही कमी. मला स्वतःला नुसतं पाणी बघत बसायला आवडतं त्यामुळे माझं जमतं, ज्यांना रोज नवीन बंदर लागतं त्यांनी या भानगडीत पडू नये.

केबिन निवडताना

बुकिंग करताना पहिला नियम, अपग्रेड झालंच नाही तर ज्या केबिनमध्ये आनंदाने राहाल तीच घ्या. होईलच अपग्रेड म्हणून इनसाइड घेऊन मग सात दिवस खिडकी नाही म्हणून कुढत बसणारे लोक मी पाहिलेत.

दुसरं म्हणजे डेक प्लॅन. कंपनीच्या साइटवर प्रत्येक मजल्याचा नकाशा असतो, तो एका खिडकीत उघडा, वरचा मजला दुसऱ्या खिडकीत, खालचा तिसऱ्या, आणि तुमच्या केबिनच्या जागेवर बोट ठेवून तिन्हीकडे बघा. वर केबिन आणि खाली केबिन असेल तर डोळे झाकून घ्या. वर पूल किंवा बुफे असेल तर खुर्च्या आणि ट्रॉल्या, खाली थिएटर किंवा नाइटक्लब असेल तर रात्री एकपर्यंत धडधड. नकाशावर जिथे काहीच लिहिलेलं नाही अशी पांढरी मोकळी जागा दिसते तिथे बऱ्याचदा स्टाफची कामाची जागा किंवा किचनचा भाग असतो, तीही टाळा. अगदी पुढे खालच्या मजल्यावर असाल तर बंदरात शिरताना थ्रस्टरचा, म्हणजे जहाज बाजूला सरकवणाऱ्या पंख्यांचा, आवाज येतो, आणि जिथे जहाज धक्क्याला न लागता बाहेर नांगर टाकतं तिथे सकाळी साखळी सुटताना असं वाटतं की कोणीतरी लोखंडी जिन्यावरून कपाट ढकललंय. मागच्या टोकाला इंजिनची थरथर जाणवू शकते पण तिथल्या बाल्कन्या पुष्कळदा मोठ्या असतात आणि जहाजामागे पडणारा पांढरा पट्टा बघत बसायला मिळतो, मी थरथर सहन करतो.

ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी मधला भाग आणि खालचा मजला, कारण जहाज झोके खातं ते मधल्या भागाभोवती, वर आणि टोकाला झोका मोठा. गंमत अशी की वरचा मजला जास्त महाग असतो, म्हणजे पैसे भरून जास्त हलणारी केबिन घ्यायची. अपग्रेड म्हणजे बऱ्याचदा हेच असतं, तीच बाल्कनी, तेवढीच खोली, फक्त दोन मजले वर. फुकट अपग्रेड ९० टक्के वेळा असलंच निघतं असा माझा अनुभव, इनसाइडमधून थेट स्वीटमध्ये गेलेला माणूस मी अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही.

दोन केबिनच्या मधलं दार, कनेक्टिंग डोअर, हेही नकाशावर छोट्या खुणेने दाखवलेलं असतं. कुटुंब दोन केबिनमध्ये असेल तर सोन्यासारखं, नाहीतर शेजाऱ्याचं घोरणं, भांडण, टीव्ही, सगळं तुमच्या खोलीत.

आणि केबिन मनासारखी मिळाली असेल तर बुकिंगवर नो अपग्रेड अशी नोंद करून घ्या, एजंटला सांगा किंवा कंपनीला फोन करा, होते. मी आता दर वेळी करतो, खर्रर्रनंतर.

गॅरंटी केबिन म्हणून एक प्रकार असतो, त्यात तुम्ही फक्त कॅटेगरीचे पैसे भरता आणि नंबर कंपनी देते, कधी दोन महिने आधी तर कधी दोन दिवस आधी. किमान तेवढी कॅटेगरी नक्की, वरची मिळाली तर नशीब. यात लॉटरी लागते खरी, पण लाइफबोटीच्या मागची खिडकी, लिफ्टसमोरचं दार, नाइटक्लबच्या वरची खोली, हे सगळं न विकलं गेलेलं सामानही गॅरंटीवाल्यांनाच वाटलं जातं. एकटादुकटा, गाढ झोपेचा माणूस असेल तर जरूर घ्या. आईवडील शेजारी हवेत, मूल लहान आहे, बोट लागते, यातलं काहीही असेल तर नका घेऊ.

पैसे भरेपर्यंतचा काळ

बुक केल्या केल्या मी एक काम करतो, त्या तारखेला त्या जहाजाच्या सगळ्या कॅटेगरींचे भाव स्क्रीनशॉट काढून ठेवतो. इनसाइड, ओशनव्ह्यू, बाल्कनी, मिनी-स्वीट, स्वीट, सगळे. पुढे बिड लावताना याच्याशिवाय तुम्ही अंधारात दगड मारत असता.

फायनल पेमेंटची तारीख साधारण ७५ ते १२० दिवस आधी असते, कंपनी आणि क्रूझच्या लांबीप्रमाणे. त्या तारखेपर्यंत आठवड्यातून एकदा भाव बघायचा. तुमच्याच कॅटेगरीचा भाव पडला तर फोन करून नवीन भाव लावून घ्या, किंवा तेवढ्याच पैशात वरची कॅटेगरी मागा. नॉन-रिफंडेबल डिपॉझिट असेल तर बदलायची फी लागू शकते ती आधी विचारा, नाहीतर वाचवले पन्नास आणि भरले दोनशे असं व्हायचं. पैसे भरून झाल्यावर भाव पडला तर परत काही देत नाहीत, पण गोड बोलून फोन केला तर फरकाऐवजी एक कॅटेगरी वर देतात कधी कधी, किंवा ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायला पैसे. चिडून फोन करू नका, समोरच्याच्या हातात असतं ते.

फायनल पेमेंटची तारीख गेली की पुढच्या दोन-तीन दिवसांत कॅन्सल झालेल्या केबिन एकदम बाजारात येतात. त्या दिवसांत साइट रोज उघडून बघा. चांगल्या एजंटला हे माहीत असतं आणि तो स्वतः फोन करतो, वाईट एजंट स्वतःचं कमिशन मिळालं की गायब.

बिड, म्हणजे बोली

आता मुख्य विषय. बऱ्याच कंपन्या आता वरच्या केबिनसाठी बोली लावायला देतात. रॉयल कॅरिबियनचं रॉयलअप, सेलिब्रिटीचं मूव्हअप, नॉर्वेजियनचं अपग्रेड ॲडव्हान्टेज. पुष्कळ कंपन्यांच्या मागे सॉफ्टवेअर एकाच कंपनीचं आहे, माँट्रियलची प्लसग्रेड, त्यामुळे स्क्रीन सगळीकडे ओळखीचा वाटतो, एक सरकणारं बटण आणि वर लाल ते हिरवा काटा, तुमची बोली कमजोर की दणकट ते सांगणारा. त्या काट्याकडे फार बघू नका. दुसऱ्यांनी काय लावलंय किंवा किती केबिन रिकाम्या आहेत हे तो सांगत नाही, त्याचं काम तुमचा हात उजवीकडे सरकवणं.

पहिला खड्डा, बोली माणशी असते. १५० डॉलर लिहिलं म्हणजे दोघांचे ३००. एकटे असाल तरी बहुतेक ठिकाणी दोघांचे पैसे कापतात. मैत्रिणीने एकदा १८० ची बोली लावली आणि ३६० गेल्यावर बँकेला फोन करायला निघाली होती, अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं.

दुसरा खड्डा, मंजूर झाली की पैसे गेले, परत नाहीत. मंजूर व्हायच्या आधी बदलता येते, मागे घेता येते, पण मंजुरी कधी येईल ते सांगून येत नाही, निघायच्या दोन दिवस आधीपर्यंत कधीही. म्हणजे रात्री दोन वाजता उत्साहात लावलेली बोली सकाळी चहा घेता घेता परत वाचा.

तिसरा, केबिन कुठली ते तुम्ही निवडू शकत नाही. खर्रर्र आठवा. शेजारच्या केबिनमध्ये घरचे असतील तर तुम्ही एकीकडे आणि ते दुसऱ्या टोकाला. आणि नावावर जाऊ नका, उदाहरणार्थ सेलिब्रिटीच्या २०१८ ला आलेल्या एज जहाजापासून इन्फिनिट व्हरांडा असा प्रकार आहे, खोलीच पुढे वाढवलेली असते आणि बटण दाबलं की बाहेरच्या काचेचा वरचा भाग खाली येतो, काहींना जाम आवडतं, मला वाटतं मोठ्या खिडकीत उभा आहे. ज्या कॅटेगरीवर बोली लावताय तिचे फोटो आणि नकाशावरच्या सगळ्या जागा बघा, त्यातली सगळ्यात वाईट जागा मिळाली तरी चालेल का हे स्वतःला विचारा, नाही असेल तर लावू नका.

चौथा खड्डा लॉयल्टीवाल्यांसाठी, म्हणजे एकाच कंपनीच्या क्रूझ करून पॉइंट्स जमवणाऱ्यांसाठी. रॉयलअपमध्ये स्वीट मिळाली तरी पॉइंट्स मूळ बुक केलेल्या कॅटेगरीचेच मिळतात, स्वीटचे दुप्पट नाहीत. आणि स्वीटची रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे स्टाफची टिप, जास्त असते, रॉयल कॅरिबियनवर २०२५ मध्ये साध्या केबिनला माणशी रोज १८.५० डॉलर होती आणि स्वीटला २१. दोघांचे सात रात्रींचे ३५ डॉलर जास्त, फार नाही, पण हिशोबात धरा.

आता किती लावायची. स्क्रीनशॉट काढा. समजा बुक केलं त्या दिवशी बाल्कनी आणि मिनी-स्वीटमध्ये माणशी २५० चा फरक होता. आता खोटंखोटं बुकिंग करून आजचा भाव बघा, शेवटच्या पैसे भरायच्या पानाच्या आधीपर्यंत जायचं आणि बंद करायचं. आजचा फरक जर १२० वर आला असेल तर बोली कशाला, सरळ फोन करून १२० भरा, केबिन नंबर स्वतः निवडा, आणि पॉइंट्सही नवीन कॅटेगरीचे मिळवा. आजचा फरक ३०० असेल आणि त्या कॅटेगरीत अजून दहा-बारा केबिन दिसत असतील तर किमान बोलीच्या थोडी वर, समजा किमान १०० तर ११० किंवा १२०, एवढंच. तो वरचा दहा-वीसचा आकडा मुद्दाम, कारण किमानवर अडकलेले शंभर लोक असतात. आणि ती कॅटेगरी साइटवर संपलीच असेल तर मोठी बोली लावूनही फार आशा नाही, कोणी कॅन्सल केलं तरच.

मग शेवटचा हिशोब, दोघांचे मिळून आकडा भागिले रात्री. ३०० भागिले ७, म्हणजे रात्रीला साधारण ४३ डॉलर. थोडी मोठी खोली आणि बाथटबसाठी रोज ४३ देऊ का? बंदरांनी भरलेल्या क्रूझवर मी नाही देणार, सकाळी आठला उतरून संध्याकाळी पाचला परत येणार, खोलीत असतो किती वेळ. समुद्रातच सहा दिवस असतील तर हो.

एकाच वेळी चार-पाच कॅटेगरींवर बोली लावता येते, पण सगळ्यांवर लावू नका. एका जोडप्याला असं झालं, त्यांना मिनी-स्वीट हवी होती, ओशनव्ह्यूतून बाल्कनीवरही सहज बोली लावून ठेवली होती, मंजूर झाली बाल्कनी, लाइफबोटीच्या वर, अर्धा समुद्र नारिंगी छपराने झाकलेला.

बोलीशिवाय अपसेलचे, म्हणजे जास्त पैसे घेऊन वरची केबिन विकायचे, फोन किंवा मेल येतात, ठरलेली रक्कम, ठरलेली केबिन. हे मला बोलीपेक्षा आवडतं कारण केबिन नंबर विचारता येतो. फोनवरच्या माणसाला सांगायचं दोन मिनिटं थांबा, डेक प्लॅन उघडायचा, वर काय खाली काय बघायचं, मग हो म्हणायचं. चढायच्या दिवशी गेस्ट सर्व्हिसला विचारायलाही हरकत नाही, कोणी आलंच नसेल तर केबिन मोकळी असते, पण तिथे रांग असते, त्यात आतापर्यंत दोनदाच काम झालंय माझं. आणि एक, तीन-चार माणसं एका केबिनमध्ये असाल तर केबिन रिकामी दिसूनही मिळत नाही कधी कधी, कारण प्रत्येक भागाच्या लाइफबोटींची माणसं मोजून असतात, त्याला कोणाचा इलाज नाही.

खऱ्या लक्झरी जहाजांवर गणित वेगळं

सिल्व्हरसी, रीजंट, सीबोर्न यांच्याकडे सगळ्याच खोल्या स्वीट. सिल्व्हरसीवर तर प्रत्येक स्वीटला बटलर, सगळ्यात खालच्या कॅटेगरीलासुद्धा. दारू, जेवण, टिप्स भाड्यातच. म्हणजे वर जाऊन तुम्ही मुख्यतः चौरस फूट विकत घेता, सेवा बरीचशी तीच, रेस्टॉरंट तीच. तिथे माझा सल्ला सरळ, सगळ्यात स्वस्त स्वीट घ्या, जागा नकाशावर चांगली बघून, आणि उरलेल्या पैशात दुसरी क्रूझ.

उलट मोठ्या जहाजांवर जहाजात जहाज असतं, एमएससीचं यॉट क्लब, नॉर्वेजियनचं हेवन, सेलिब्रिटीचं रिट्रीट. तिथे वर गेलात की वेगळं रेस्टॉरंट, वेगळा सनडेक, रांग नाही, बटलर. क्यूनार्डवर तर जुनी पद्धत अजून चालू आहे, कुठल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायचं ते केबिनवरून ठरतं, ब्रिटानिया, ब्रिटानिया क्लब, प्रिन्सेस ग्रिल, क्वीन्स ग्रिल. इथे अपग्रेडचा अर्थ खरोखर वेगळी सुट्टी असा होतो. पण हिशोब करताना त्यातलं तुम्ही एरवी विकत घेतलंच असतं ते काय, ते वेगळं काढा. यॉट क्लबमध्ये ड्रिंक्स आणि वायफाय धरलेलं असतं, तुम्ही तसंही ड्रिंक पॅकेज घेणार होतात तर त्याचे पैसे वजा करा, आणि दारू पीतच नसाल तर ते शून्य धरा.

लॉयल्टीचं

हवाई कंपन्यांसारखं दर वर्षी शून्यापासून नाही, बहुतेक क्रूझवाल्यांचं स्टेटस, म्हणजे पॉइंट्सवर मिळालेली पातळी, आयुष्यभराचं, हीच यातली गोडी. पण हे बदलायला लागलंय. कार्निव्हलने २०२५ मध्ये जाहीर केलं की जून २०२६ पासून रात्री मोजायची जुनी पद्धत जाऊन खर्चावर आधारित नवी योजना येणार, आणि स्टेटसला मुदत असणार. म्हणून वीस वर्षांनी मिळणाऱ्या फायद्यावर आज पैसे लावू नका.

रॉयल कॅरिबियनची क्राउन अँड अँकर ही लॉयल्टी योजना घ्या उदाहरणाला, कारण तिथलं गणित स्वच्छ आहे. साध्या केबिनला रात्रीला एक पॉइंट, स्वीटला दोन, आणि एकटे पूर्ण केबिनचे पैसे भरून गेलात तर एक जास्त. पातळ्या आणि त्यांना लागणारे पॉइंट्स असे, गोल्ड ३, प्लॅटिनम ३०, एमराल्ड ५५, डायमंड ८०, डायमंड प्लस १७५, पिनॅकल ७००. खरी मजा डायमंडपासून, रोज चार ड्रिंक्सचे व्हाउचर मिळतात, त्याच्याआधी जे मिळतं ते बहुतेक पिन, कुपन आणि झब्बे. ८० ला पोचायला साध्या केबिनमधून सात रात्रींच्या १२ क्रूझ, स्वीटमधून ६, स्वीटमध्ये एकटे असाल तर ४. आता स्वीटचा फरक ६ क्रूझना किती जास्त पडतो ते मांडा आणि तेवढ्या पैशात किती ड्रिंक्स येतात ते मांडा, माझ्या हिशोबात कधीच जुळलं नाही. स्वीट आवडते म्हणून घ्या, पॉइंटसाठी नको. पिनॅकल म्हणजे साध्या केबिनमधून सात रात्रींच्या १०० क्रूझ, अशी माणसं असतात जहाजावर, बारमन त्यांना नावाने हाक मारतो.

प्रत्येक कंपनी मोजते वेगळं. प्रिन्सेस दिवस किंवा क्रूझची संख्या यातलं जे लवकर भरेल ते धरते, म्हणजे तिथे छोट्या तीन-चार दिवसांच्या क्रूझ करणाऱ्याचा फायदा. हॉलंड अमेरिका दिवस मोजते, २०० दिवसांना चार तारे, ५०० ला पाच, लांबलचक प्रवास करणाऱ्यांसाठी. व्हायकिंगकडे असल्या पातळ्याच नाहीत, जुन्या प्रवाशाला पुढच्या क्रूझवर सवलत, संपलं. मला ते बरं वाटतं, डोक्याला ताप नाही.

कुठल्या फायद्याला किती किंमत द्यायची हे मी असं धरतो. फुकट लाँड्री, लांबच्या क्रूझवर सगळ्यात उपयोगी, बॅग निम्मी होते. ड्रिंक्स आणि वायफाय, वापरत असाल तर. आधी चढायला मिळणं, ठीक. कॅप्टनसोबत कॉकटेल पार्टी, दोनदा गेलो, कोमट शॅम्पेन आणि भाषण. अपग्रेडला प्राधान्य असं कुठे लिहिलेलं असलं तर त्याला शून्य किंमत द्या, बोली लावणाऱ्याचे पैसे आधी बघितले जातात.

पॉइंट्स न वाढवता फायदा मिळवायचे दोन-तीन रस्ते आहेत ते बघा. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी एकाच ग्रुपच्या, तिथे एकीकडचं स्टेटस दुसरीकडे धरतात, सिल्व्हरसी यात २०२४ ला आली. एमएससी बाहेरच्या प्रोग्रामांचं स्टेटसही मॅच करून देण्यासाठी प्रसिद्ध आहे, अर्ज ऑनलाइन, पण बुकिंगच्या आधी करा. मोठ्या क्रूझ ग्रुपांचे १०० शेअर असतील तर दर क्रूझला ऑनबोर्ड क्रेडिट मिळतं, रात्रींप्रमाणे साधारण ५० ते २५० डॉलर, फक्त पुरावा आधी पाठवावा लागतो. यासाठी शेअर घ्या असं मी अजिबात म्हणत नाही, पण असतील आणि मागत नसाल तर वेडेपणा आहे. आणि जहाजावरच पुढच्या क्रूझचा डेस्क असतो, तिथे कमी डिपॉझिट आणि थोडं क्रेडिट देतात, शेवटच्या दिवशी तिथे मारामारी असते म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जा. बुकिंग नंतर तुमच्या एजंटकडे वळवता येतं, त्याची मुदत मात्र तिथेच विचारून घ्या.

राहता राहिलं नाव. लॉयल्टी नंबर बुकिंग करतानाच घाला, आणि पासपोर्टवर जसं स्पेलिंग आहे अगदी तसंच. माझ्या आडनावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं आणि एका कंपनीकडे दोन वर्षं माझी दोन खाती होती, एकात नऊ पॉइंट्स, दुसऱ्यात चौदा, आणि मी दर वेळी विचार करायचो की टिअर, म्हणजे पातळी, वाढत का नाही. जोडून घ्यायला तीन मेल आणि पासपोर्टचा फोटो लागला. क्रूझ संपल्यावर दोन आठवड्यांनी खातं उघडून बघा पॉइंट्स जमा झालेत का, आणि बोर्डिंग कार्ड तोपर्यंत फेकू नका, आमच्या मुलाने माझं पुस्तकात खूण म्हणून वापरलं होतं तेवढ्यावर वाचलो.